निर्गंध खोली

दाराशी येऊन कनिष्ठ परीक्षिका थबकली. एक पाय आत, एक बाहेर, खांद्यावरची पिशवी तशीच लोंबती ठेवून तिने मान वर केली, दोनदा हवा ओढून घेतली आणि म्हणाली, "सर, इथे अत्तराची बाटली फुटली की काय?"

मुख्य परीक्षकाने नेमका त्याच वेळी तिसरा फ्लास्क खाली ठेवला होता. समोरच्या चिठ्ठीवर तिसऱ्या टाकीपुढे त्याने नुकतेच 'वास नाही' असे लिहिले होते आणि पेनाचे टोपण अजून त्याच्या डाव्या हातात होते. कुणी विनोदाला सुरुवात करावी आणि आपण त्याच्या शेवटाची वाट पाहत राहावे, तसा तो तिच्याकडे पाहत राहिला. पण विनोद पुढे सरकला नाही. ती खरोखरच खोलीभर नाक फिरवीत होती. कपाटाजवळ गेली, खिडकीजवळ गेली, पुन्हा दाराशी आली. 'कसला वास?' हा प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला होता. तो तिथूनच परतला आणि त्याच्या जागी, दुसऱ्याच कुणी आपल्या तोंडाने बोलावे तसे शब्द बाहेर पडले, "हो ना. मीही मघापासून तेच शोधतोय."

खोटे बोलण्यासाठी माणसाला निदान क्षणभर तरी विचार करावा लागतो, असा त्याचा आजवरचा समज होता. इथे विचार आलाच नाही. जिन्यावर तोल जाताच हात कठड्याकडे जावा, तसे ते वाक्य आपसूक गेले होते. आणि तोल गेला आहे हे कळले, ते हात कठड्याला लागल्यावर.

वास झाडाचा होता. परीक्षिकेने स्टुलावर चढून तो हुडकून काढला. काचेच्या मोठ्या कपाटाआड, कोपऱ्यातल्या सिमेंटच्या कुंडीत ते झाड कित्येक वर्षे उभे होते. मनगटाएवढे जाड खोड, त्यावर जुन्या पानांच्या वळ्या, आणि शेंड्याला मक्यासारखी लांब, मधोमध पिवळा पट्टा असलेली पाने. खोड छतापर्यंत गेले होते, तिथे अडले होते आणि ठेंगण्या घरात राहायला आलेल्या उंच माणसासारखे मान वाकवून खिडकीच्या दिशेने निघाले होते. सगळे त्याला मका म्हणत. बिनकणसाचा मका. आता त्या वाकलेल्या शेंड्यातून एक लांब दांडा कपाटावर ओथंबला होता आणि त्यावर बारीक पांढुरक्या कळ्यांचे गेंद लगडले होते. कपाटाच्या माथ्यावर चिकट थेंबांची नक्षी उठली होती. इतक्या दिवसांत कुणी मान वर करून पाहिले नव्हते, कारण या खोलीत काम करणारा प्रत्येक जण मान खाली घालून पात्राच्या तोंडाशी नाक नेणारा.

शहराच्या पाण्याचा वास घेण्याची ही खोली. पाण्यातले क्षार, गढूळपणा, जंतू मोजायला यंत्रे होती. ती शेजारच्या दालनात होती आणि दर काही वर्षांनी नवी येत. वासाला मात्र माणसाचे नाक लागते. पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचे, गरम पाण्याच्या पात्रात ठेवून कोमट करायचे, हलवायचे, बूच काढायचे आणि पहिल्याच श्वासाला जे कळेल ते लिहायचे. शेजारी कोळशातून गाळलेले निर्गंध पाणी तुलनेसाठी. म्हणून या खोलीचा कायदा कडक. इथे डबा उघडायचा नाही, सुगंधी तेल लावून यायचे नाही, फूल आणायचे नाही. कायदा मोठ्या सरांचा. मोठे सर म्हणजे त्याच्या आधीचे मुख्य परीक्षक. हे झाड काठीएवढे असताना त्यांनीच आणले होते. त्याचे पान चुरगाळून स्वतःच्या आणि मग आजच्या या मुख्य परीक्षकाच्या नाकाखाली धरून ते म्हणाले होते, "बघ. फूल नाही, फळ नाही, वास नाही. कायम नोकरीत घ्यायला सर्वथा लायक." तेव्हापासून चाचणी संपली की फ्लास्कमधले उरलेले पाणी, निवल्यावर, कुंडीत ओतायचे हा परिपाठ पडला. नदीचे सगळे ऋतू त्या झाडाने प्यायले होते. गाळाचे पाणी, शेवाळाचे पाणी, औषध जास्त झालेले पाणी. कधी कुरकुर केली नव्हती.

"काय नाकशास्त्री, आज अत्तराचं दुकान थाटलंत वाटतं?" पंपांचा इंजिनियर चिठ्ठी न्यायला आला होता. तो कुठल्याही खोलीत बोलण्याच्या अर्धा क्षण नंतर शिरत असे. "माझ्या पंपघराचा वास घेऊन रोज नाकं मुरडता, आणि इथे ही चैन. बरं, तिसऱ्या टाकीचं काय? कालपासून बंद ठेवलीय तुमच्या सांगण्यावरून. टेकडीवरच्या घरांचे नळ कोरडे पडलेत, फोन घेऊन घेऊन कान किटले माझे."

चिठ्ठी टेबलावर होती. 'वास नाही.' मुख्य परीक्षकाने तिच्यावर तळहात ठेवला. आदल्या दिवशी टाकीच्या पहारेकऱ्याने पाणी मातकट लागते असे कळवले होते आणि म्हणून टाकी थांबवली होती. आजच्या त्या दोन शब्दांनी ती उघडणार होती.

"या वासात केलेली चाचणी धरता नाही यायची," परीक्षिका स्टुलावरून उतरत म्हणाली. "पुन्हा करावी लागेल. हो ना सर?"

"पुन्हा करावी लागेल," तो म्हणाला.

"मग करा बाबांनो. पण आधी ते फूल छाटा, नाहीतर झाडच हलवा. दुपारपर्यंत हो की नाही ते सांगा म्हणजे झालं." इंजिनियरने जाता जाता एक दीर्घ श्वास घेतला. "वास मात्र झकास आहे हां. घरी न्यावंसं वाटतं."

तो गेल्यावर खोली एकदम मोठी वाटू लागली. परीक्षिका नमुन्याच्या बाटल्या पेटीत भरू लागली. पाठमोरी राहूनच ती म्हणाली, "सर, तुम्ही आलात तेव्हा एवढा नसेल वास. नंतर उमलली असतील फुलं."

त्याने वर पाहिले. दांड्यावर एकही फूल उघडे नव्हते. सगळी मिटलेली, दमून झोपल्यासारखी. म्हणजे ही रात्री उमलणारी जात. वास होता तो रात्रभर बंद खोलीत साचलेला. सकाळी कुलूप काढून दार उघडले तेव्हा तो सर्वांत दाट असणार, भिंतीसारखा. त्या भिंतीतून तो आरपार चालत आला होता, कोट खुंटीला लावला होता, तीन पात्रांत नाक घातले होते. मिटलेली फुले तिनेही पाहिली होती. ती जवळून पाहून आली होती.

"असेल," तो म्हणाला. तिने पेटीचे झाकण लावले आणि टाकीवरून ताजे पाणी आणायला निघून गेली.

एकटा उरल्यावर त्याने आधी खिडक्या उघडल्या, कारण पुढच्या कामाला ते आवश्यक होते; आणि मग स्टुलावर चढला. या वयात स्टुलावर चढू नये असे घरी बजावलेले होते. कळ्यांच्या गेंदात त्याने नाक घातले. काहीतरी गार, दमट, मऊ. नाकपुडीला एक चिकट थेंब लागला. जणू एखाद्याच्या घरी जाऊन बेल दाबावी, बेल वाजल्याचे बोटाला जाणवावे, आणि आत कुणी हलूच नये. तो उतरला. रसायनांच्या कपाटातून त्याने अमोनियाची बाटली काढली, बूच सैल केले. डोळ्यांत टचकन पाणी आले, नाकाच्या मुळाशी सुई टोचली. क्षणभर त्याला आनंद झाला. मग तो आनंद निवला. ही झोंबणी होती. झोंबणी म्हणजे वास नव्हे. ती कातडीला कळते, डोळ्यांनाही कळते. नाकाला मिरची लागली तरी झोंबतेच. पाण्यात क्लोरीन असते, तेही झोंबते. इतके दिवस फ्लास्कवर वाकल्यावर नाकात जी बारीक चुरचुर व्हायची, तिलाच तो वास समजत आला होता. घराला आग लागली तरी दारावरचा पहारेकरी आपल्या जागी उभा आहे, एवढ्यावर समाधान मानावे, तसे.

केव्हापासून? त्याच्या शिक्षणाने त्याला एक सवय लावली होती: बिघाड सापडला की मागे मागे जायचे, शेवटचे चांगले माप मिळेपर्यंत. तो खुर्चीत बसला आणि मागे जाऊ लागला. गेल्या थंडीत घरी दूध करपले होते. तो स्वयंपाकघरातच, चुलीपासून हाताच्या अंतरावर वाचत बसला होता. बायको आतल्या खोलीतून धावत आली आणि म्हणाली, "अहो, नाक गहाण ठेवलंय का कचेरीत?" दोघेही हसली होती. त्याच्याही आधी एकदा मुलगी तिच्या तान्ह्याला घेऊन आली होती, आणि बाळाच्या टाळूचा वास घे म्हणून तिने ते त्याच्या तोंडाशी धरले होते. त्याने डोळे मिटून "अहाहा" म्हटले होते. वास आला होता का? त्याला शपथेवर सांगता येईना. टाळूची ऊब आठवत होती, जावळाची गुदगुली आठवत होती. आणि वास, तोही आठवत होता, दुधाचा, किंचित आंबूस, उन्हात वाळवलेल्या कापडासारखा. पण तो नातवाचा होता की तीस वर्षांपूर्वीचा मुलीचाच? त्याच्याही आधी तो मोठा ताप. तापानंतर अन्नाची चव गेली होती आणि पुढे 'आली' होती. की बायकोने रोज ताटातल्या पदार्थाचे नाव सांगितल्यावर आली होती?

इथे तो थांबला; कारण बिघाड दिसू लागला होता. नाव सांगितल्यावर. मोठ्या सरांच्या काळी वास घेणाऱ्याला फ्लास्क कुठल्या पाण्याचा हे कधीच सांगत नसत. दुसरा माणूस पडद्याआड फ्लास्क भरी, त्यांची उलटापालट करी, मधेच एक निर्गंध पाण्याचा सरकवी, आणि मगच बोलावी. "नाक भाबडं असतं," मोठे सर म्हणत. "त्याला जे सांगाल ते त्याला खरं वाटतं. म्हणून त्याला काही सांगायचं नाही." पुढे माणसे कमी झाली. पडदा काढून त्याचे फडके झाले. तो स्वतःच फ्लास्क भरू लागला, स्वतःच त्यांच्यावर चिठ्ठ्या लावू लागला आणि स्वतःच वास घेऊ लागला; इतक्या वर्षांच्या नाकाला कोण फसवणार, असे सगळ्यांनी मानले, त्यात तोही आला. नदीच्या पाण्याची चिठ्ठी वाचली की नदीचा वास येई. उन्हाळ्याच्या शेवटी शेवाळी, पूर ओसरताना मातकट, थंडीत काही नाही. बहुतेक वेळा ते बरोबरही निघे, कारण नदी सवयीची होती आणि तोही. तो लबाडी करीत नव्हता. त्याला खरेच वास येत होते. फक्त ते पात्रातून वर येत नव्हते. चिठ्ठीवरून येत होते. आणि आज हे झाड, ज्याच्यावर 'फूल नाही, वास नाही' अशी चिठ्ठी त्याच्या मनात कधीची लागली होती, ते रात्रभर एवढे घमघमले, आणि चिठ्ठीने ते त्याला कळू दिले नाही.

किती गोष्टी अशा असतील? बायकोच्या केसांचा वास त्याला अजून रोज येतो. येतो?

हे पुढे नेण्याची त्याची हिंमत झाली नाही. त्याऐवजी तो व्यवहाराच्या बाजूने विचार करू लागला. व्यवहार अगदी सोपा होता. चाचणी फुलामुळे बिघडली. असे सगळेच म्हणत होते. दोष झाडाचा. पुन्हा चाचणी होईल, परीक्षिका शेजारी असेल, तिच्या चेहऱ्यावरून कळेलच. पाणी सुरक्षित राहील, टाकी योग्य तेव्हाच उघडेल. यापुढे तो नेहमी तिलाही वास घ्यायला लावील. 'नव्या माणसाला तयार करायला हवं' असे म्हणून. निवृत्ती फार दूर नव्हती. कुणाचेही नुकसान न होता सगळे नाक मुठीत धरून पार पडले असते. त्याने हा हिशेब पुन्हा पुन्हा तपासला आणि त्यात चूक सापडेना, याचेच त्याला भय वाटले. कारण त्याला हे पक्के ठाऊक होते की, ज्या दिवशी ती रजेवर असेल त्या दिवशी तो पुन्हा चिठ्ठी वाचील, आणि त्याला पुन्हा वास येईल.

परीक्षिका परतली. खोलीत अजून वास आहे असे तिने सांगितले, म्हणून त्यांनी सामान उचलून जिन्याखालच्या मोकळ्या जागेत नेले. एका मोडक्या टेबलावर तिने शेगडी मांडली. तो म्हणाला, "बाई, चिठ्ठ्या लावू नका. माझ्याकडे पाठ करून भरा. उलटापालट करा. दोन निर्गंध पाण्याचे ठेवा, एक टाकीचा. टाकीचा कुठला ते मी ओळखतो."

"जुन्या पद्धतीनं?"

"त्याच पद्धतीनं."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाठीमागे काचेला काच लागल्याचा आवाज, पाणी ओतल्याचा आवाज. शाळेत वर्गाबाहेर उभे केल्यावर पाठीवर जसे सगळे डोळे जाणवायचे, तशी त्याची पाठ ताठ झाली. "या सर," ती म्हणाली.

तीन फ्लास्क एका ओळीत होते. त्याने पहिला हलवला, बूच काढले, श्वास घेतला. ऊब. दुसरा. ऊब. तिसरा, तेच, ओलसर, कोमट, रिकामे, कुणाच्या तरी श्वासासारखे. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता त्याचे डोळे काम करू लागले होते, त्याच्या इच्छेविरुद्ध. ओळ पूर्ण सरळ नव्हती. मधला फ्लास्क बोटभर पुढे होता. हिचा हात काटेकोर. पेन्सिलीसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवणारी ही बाई. त्याने तिच्याकडे पाहिले. ती शेगडीच्या वायरीकडे फार लक्ष देऊन पाहत होती.

एवढेच बाकी होते. 'मधला' म्हणायचे. तिने ऐकून घेतले असते, "बरोबर सर" म्हटले असते, आणि त्या दोन शब्दांत दोघांचा एक करार झाला असता, ज्याच्याबद्दल पुढे कधी बोलावे लागले नसते. तिने तो बोटभर अंतराने त्याच्यापुढे सरकवला होता, इतक्या नाजूकपणे, की तो घेतला नाही तर तिचाच अपमान व्हावा.

"बाई, हा पुढे का ठेवलात?"

तिने शेगडीची वायर उगाच सरळ केली.

"माझ्यावर उपकार करताय. पण ज्यांच्या नळाला हे पाणी जाणार, त्यांच्यापुढे कोण सरकवून ठेवणार आहे?" आवाज चढला असे त्याला वाटले, तो चढला नव्हता, फक्त जिन्याखाली घुमला होता. "मला वास येत नाही."

"सर्दी असेल सर. हवा बदललीय."

"सर्दी नाही. आजचंही नाही. कधीपासूनचं ते मला सांगता येत नाही, आणि वाईट ते आहे." त्याने तीनही फ्लास्क स्वतःच्या हाताने सरळ रेषेत आणले, मग भिंतीकडे वळायला तिला खुणावले आणि त्यांची उलटापालट केली. "आता तुम्ही घ्या."

तिने घेतला. पहिल्यावर मान हलवली. दुसऱ्यावर थांबली, पुन्हा हुंगले, भुवया जवळ आल्या. तिसरा घेऊन ती दुसऱ्याकडे परत आली. "हा. मातकट. हलका आहे, पण आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग 'हलका' म्हणू नका. आहे म्हणा."

फोन त्याने स्वतः लावला. "टाकी उघडू नका," तो इंजिनियरला म्हणाला. "मातकट वास आहे. कोळशाची मात्रा द्यावी लागेल."

"म्हणजे सकाळची चिठ्ठी झाडापायी चुकली म्हणायची. तरी मी सांगत होतो, छाटा ते."

"झाडापायी नाही. माझ्यापायी. माझं नाक गेलंय. आजपासून वासाच्या चिठ्ठीवर बाईंची सही असेल. मागच्या चाचण्यांचं काय करायचं ते मी वर लेखी कळवतोय."

मग इंजिनियर म्हणाला, "मग आता तुम्हाला काय म्हणायचं आम्ही?" त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, त्याला खरोखरच दुसरे काही सुचले नव्हते.

"काहीही म्हणा. टाकी मात्र उघडू नका."

दिवस मावळतीला लागला तेव्हा परीक्षिका त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात काहीच नव्हते आणि त्यामुळे हातांचे काय करावे हे तिला कळत नव्हते. "सर, ते झाड," ती म्हणाली. "उमलायला लागलंय पुन्हा. ते इथे ठेवता येणार नाही मला." 'मला' या शब्दावर ती स्वतःच दचकली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "त्यासाठी माझी परवानगी मागू नका."

ते एकट्यादुकट्याचे काम नव्हते. पंपघरातून दोन गडी आले. कुंडी त्यांनी धरली, आणि वाकलेला शेंडा कुठे आपटू नये म्हणून तो त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला. दारातून बाहेर पडताना दांडा त्याच्या खांद्यावर, गळ्यावर, बाहीवर घासत राहिला. बाहेरच्या मोकळ्या व्हरांड्यात, जिथे छत उंच होते, तिथे त्यांनी ते ठेवले. वाकलेली मान तशीच राहिली. आता सरळ व्हायला जागा होती; वय नव्हते. कोटावर बारीक फुले चिकटली होती. ती झटकता येईनात. तसाच तो बसथांब्याकडे गेला.

बसमध्ये त्याला आधी काही लक्षात आले नाही. पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून पाहिले आणि ओळखीचे हसू आणता आणता आवरले. दांडीला लोंबकळणाऱ्या एका माणसाने डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. आईच्या कडेवरचे एक पोर त्याच्या दिशेने ओणवून राहिले. तेव्हा त्याला कळले की आपण अंगावर काहीतरी वागवीत चाललो आहोत, जे या सगळ्यांपाशी पोचते आहे आणि आपल्यापाशी नाही. त्याला लाज वाटायला हवी होती. पण लोक इतक्या सहजपणे त्याच्याकडून ते घेत होते, की आपण काही दिले नाही असेही त्याला म्हणवेना. तो स्थिर बसून राहिला, भरलेले भांडे नेणाऱ्यासारखा.

बायकोने दार उघडले आणि ती दारातच उभी राहिली.

"हे काय लावून आलात?" तिच्या आवाजात थोडी शंका होती, थोडे हसू. "कसला वास हा?"

किती वेळा तिने असे काहीतरी विचारले असेल आणि किती वेळा त्याने "छान आहे" म्हणून वेळ मारून नेली असेल. "तूच सांग," तो म्हणाला. "मला येत नाही. काहीच येत नाही. तुझाही नाही."

तिचे हसू मावळले नाही. ते चेहऱ्यावर कुठे ठेवावे ते तिला समजेना. ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि करपलेले दूध, टाळू, ताप या सगळ्यांवरून तिची नजर एकामागून एक फिरून येते आहे, हे त्याला दिसत होते. मग तिने त्याचा हात हातात घेतला, कोटाची बाही नाकाशी नेली आणि डोळे मिटले. घाई केली नाही. पहिल्या श्वासाला काही बोलली नाही, दुसऱ्यालाही नाही.

"थांबा," ती म्हणाली, "चुकीचं सांगायला नको."

आणि तो उंबरठ्यावर थांबला.